भिंतीपलीकडचं सामायिक

फाइल पाठवायची म्हणजे काय मोठा डोंगर उचलायचा असतो? नाही ना? पण त्या ऑफिसात ते एक दिव्यच होऊन बसलं होतं, आणि ते रोज बाईंच्याच वाट्याला यायचं.

बाई म्हणजे पट्टीबाई. नकाशे काढणाऱ्या. दोन भावांच्या बांधकाम कंपनीत त्यांनी सत्तावीस वर्षं घरांचे, दुकानांचे, शाळांचे नकाशे काढले. आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर आला तरी सहा इंची स्टीलची पट्टी काही त्यांच्या हातातून सुटली नाही. बोलताना ती हवेत फिरायची, चिडल्या की टेबलावर आपटायची. म्हणून पट्टीबाई.

त्यांचे यजमानही तिथेच नोकरीला. बाईंनी काढलेला नकाशा घ्यायचा, कुठली सळई कुठे जाणार, किती लांब कापायची, याची यादी करायची आणि साइटवर धाडायची, हे त्यांचं काम. दोघांची टेबलं समोरासमोर. लोक म्हणायचे, यांचं घरी भांडून पोट भरत नाही म्हणून ऑफिसातही समोर बसतात. बाई म्हणायच्या, खरंय.

तीन महिन्यांपूर्वी ते दोघे भाऊ वेगळे झाले. का झाले ते त्यांचं त्यांना ठाऊक. आपण त्यात पडायचं नाही. वाटणी मात्र अगदी काटेकोर. नकाशांचं काम थोरल्यांकडे, साइटचं धाकट्यांकडे. मोठ्या कागदाचा प्रिंटर धाकट्यांकडे, पाण्याचं मशीन थोरल्यांकडे. लिफ्ट धाकट्यांच्या बाजूला गेली, जिना थोरल्यांच्या. हॉलच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली आणि ती नेमकी बाई आणि यजमान यांच्या टेबलांमधून गेली. सुतार म्हणाला, "ताई, टेबल जरा मागे घ्या, नाहीतर चेपाल." बाईंनी घेतलं. दुसऱ्या दिवसापासून समोरचा चेहरा गेला आणि समोर प्लाय आला. खोकला तेवढा ऐकू यायचा.

कॉम्प्युटरचीही वाटणी झाली. कॉम्प्युटरवाला दोन दिवस टेबलांखाली रांगत होता. इकडच्या वायरी इकडे, तिकडच्या तिकडे, दोन्ही बाजूंची नेटवर्कची जाळी वेगळी करून तो गेला. मग थोरल्यांचे हुकूम सुटले. इंटरनेट फक्त त्यांच्या केबिनमध्ये. पेन ड्राइव्ह लावायच्या भोकांवर चिकटपट्टी, आणि पट्टीवर थोरल्यांची सही. नकाशाचा फोटो काढून फोनवरून कोणी पाठवला तर त्यानं सरळ घरी बसावं. भिंतीवर टकटक करून पलीकडे बोलायचं नाही. एकत्र असताना घेतलेली जी दोन-चार कामं राहिली आहेत त्यांचं जे काही तिकडे द्यायचं ते 'सामायिक'मध्ये टाकायचं. बस.

'सामायिक' हे एक फोल्डर. बाईंनी त्यात नकाशा टाकायचा, यजमानांनी त्यातून उघडायचा, हे पहिल्यापासून चालत आलेलं. वाटणी झाल्यावरही ते स्क्रीनवर जिथल्या तिथं होतं. तेच नाव, आत तेच जुने नकाशे. शेताची वाटणी झाली तरी विहीर सामायिक राहते, तसंच हे, असं सगळ्यांनी धरून चाललं.

आणि पहिल्याच आठवड्यात घरी ठिणगी पडली.

"अगं, शाळेच्या खिडक्यांचा नकाशा टाकला नाहीस?" यजमानांनी जेवताना विचारलं.

"टाकला की. सकाळी सव्वाअकराला."

"नाही आला."

"नाही आला म्हणजे? तो काय चालत येतो? टाकला म्हणजे टाकला."

"मी दोनदा बघितलं."

"मग तिसऱ्यांदा चष्मा लावून बघा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या बाईंनी सामायिक उघडलं. नकाशा होता. अगदी ठसठशीत होता, तारीख-वेळेसकट. त्यांना वाटलं, प्लायवर पट्टी आपटून ओरडावं, बघा आता! पण हुकूम होता. असं चार वेळा झालं, चार वेळा जेवण कडू झालं, आणि मग एक दिवस यजमानांनी विचारणंच बंद केलं. चला, आलं एकदाचं शहाणपण, असं म्हणून बाईंनीही विषय सोडला.

पण माणूस बदलला. जेवताना सहज विचारल्यासारखं करायचे, "त्या दुकानाच्या पायऱ्या किती इंची केल्यास गं?" बाई सांगायच्या. की लगेच खिशातून छोटी डायरी निघायची आणि लिहिलं जायचं. "काय लिहिताय?" "काही नाही, आपलं असंच." बाई स्वयंपाकघरातून बाहेर पडल्या की हे हळूच आत जाऊन गॅसचं बटण बघून यायचे. बाहेर निघताना, "किल्ली घेतलीस?" रात्री, "गोळी घेतलीस?" एकदा तर सकाळी चहा पिताना म्हणाले, "आपलं लग्न कोणत्या साली झालं गं?"

"का? तुम्ही विसरलात?"

"छे. सहज."

"सहज कोणी लग्नाचं साल विचारतं का? डोकं ठिकाणावर आहे ना?"

यजमान हसले नाहीत. चमत्कारिक नजरेनं बघत राहिले. ती नजर बाईंनी आधी कुठेतरी पाहिली होती आणि कुठे ते त्यांना दोन दिवस आठवेना. आठवलं तेव्हा त्या भांडी पुसत होत्या आणि हातातली ताटली तशीच हातात राहिली.

ती नजर त्यांची स्वतःचीच होती. आईकडे बघायची. आईचं शेवटच्या चार वर्षांत सगळं पुसलं गेलं होतं. सुरुवात कशानं झाली? "मी ठेवलं होतं, इथंच ठेवलं होतं, ठेवलं म्हणजे ठेवलं." चष्मा, किल्ल्या, पासबुक. आई शपथेवर सांगायची आणि बाई तिच्याकडे अशाच बघायच्या. शेवटी शेवटी आई बाईंनाच ताई म्हणायची आणि विचारायची, तुमची आई कुठे असते? आईला जाऊन तीन वर्षं झाली होती.

त्या दिवसापासून बाई स्वतःलाच तपासायला लागल्या. टाकला म्हणजे टाकला, ठेवलं म्हणजे ठेवलं. काय फरक होता दोन्हींत? एकच होता. आईची वस्तू तिथं नसायची आणि आपला नकाशा स्क्रीनवर दिसायचा. पण तो दिसतो ते तरी खरं का? कोणाला विचारणार? विचारलं की झालंच.

सोमवारी आणखी एक भानगड झाली. लहान मुलांच्या शाळेचं काम चालू होतं, दोघा भावांचं शेवटचं एकत्र काम. शाळावाल्यांनी आयत्या वेळी जिन्याच्या वर पाण्याची टाकी बसवायची ठरवलं. थोरल्यांनी गणित करून बाईंना सांगितलं, जिन्यावरचा बीम बारा इंची आहे तो चालणार नाही, टाकीचं वजन पेलायचं तर अठरा इंची हवा, सळ्याही वाढवा. बाईंनी नवीन नकाशा काढला, तपासला, सव्वाअकराला सामायिकमध्ये टाकला. आणि घाबरट माणसासारखं तो पाच वेळा उघडून बघितला.

रात्री यजमानांनी जेवताना विचारलंच, "शाळेचं नवीन काही काढलंस का गं?"

बाईंचा पारा चढला. भीतीचा राग होतो तो असा. "फाइल टाकलीय. उघडा आणि बघा. मी घरी ऑफिस आणणार नाही, आणि तुमच्या त्या डायरीत तर मुळीच काही सांगणार नाही!"

यजमानांनी डायरी मात्र काढली आणि पाठ फिरवून काहीतरी लिहिलंच.

गुरुवारी अकराच्या सुमाराला बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे मुकादम होता, धाकट्यांचा माणूस. वीस वर्षांची ओळख.

"ताई, शाळेच्या जिन्याचा बीम बाराच आहे ना?"

"बारा कुठला? अठरा! सोमवारीच टाकलाय नवीन नकाशा."

"इथं तर बाराचाच आहे. मी साहेबांच्या खुर्चीवर बसूनच बोलतोय, म्हणजे तुमच्या साहेबांच्या. सामायिक उघडलंय. जुनाच आहे, टाकीबिकीचं काही नाही. पण काल साइटवर टाकीचे पाइप येऊन पडले, तेव्हा माझ्या मनात आलं, वर टाकी नि खाली बारा इंच? म्हणून म्हटलं विचारावं. तीनला काँक्रीटची गाडी येतेय."

बाईंनी कॉम्प्युटरकडे बघितलं. सामायिक उघडंच होतं. नकाशा होता. सोमवार, सव्वाअकरा.

"मुकादम, माझ्या समोर दिसतोय."

"माझ्या समोर नाहीये, ताई."

"नीट बघा."

"बघितलं."

"गाडी थांबवा."

"तोंडी ऐकून गाडी परत पाठवली तर धाकटे मलाच गाडीत घालतील. कागद हवा. तुमच्या सहीचा."

"त्यांना द्या फोन. आमच्या ह्यांना."

"ते कुठे आहेत? अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. डॉक्टरकडे जायचंय म्हणाले."

डॉक्टरकडे! सकाळी तर दोघं बरोबर आले होते, इमारतीच्या कोपऱ्यावरून ते लिफ्टकडे वळले, बाई जिन्याकडे. एक शब्द बोलले नाहीत. काय झालंय यांना? खोकला? आज खोकला ऐकूच आला नव्हता, आणि ते बाईंच्या लक्षातही आलं नव्हतं.

"मी येते तिकडे," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलली.

"बाई, कुठे?" शेजारच्या टेबलावरून टायपिस्ट म्हणाली. तिला सगळे चिमणी म्हणायचे, कारण तिची टकळी कधी थांबायची नाही. "थोरले केबिनमध्ये आहेत हं!"

"असू देत. मी औषध आणायला जातेय म्हणून सांग."

तीन मजले उतरायचे, इमारतीला वळसा घालायचा, पलीकडून लिफ्टनं वर यायचं. सात फुटांवरच्या टेबलापाशी पोचायला बाईंना दहा मिनिटं लागली. यजमानांची खुर्ची रिकामी होती, पाठीवर त्यांचा तो उसवलेला स्वेटर. मुकादम उभा राहिला. बाई बसल्या. सामायिक उघडलं.

नकाशा नव्हता.

त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, नावाप्रमाणे लावून बघितलं, तारखेप्रमाणे लावून बघितलं. जुने सगळे होते, ओळीनं, त्यांनी स्वतः दिलेल्या नावांचे. सोमवारचा नव्हता. दुकानाच्या पायऱ्यांचा होता, पण तो वेगळाच दिसत होता. अक्षरांचा आकार त्यांचा नव्हे. खिडक्यांचाही तसाच. हे कोणी काढलं? मी काढलं? कधी?

"आहे का?" मुकादमानं विचारलं.

"थांबा जरा. मी परत जाऊन बघून येते."

"काय बघून येता?"

त्याला काय सांगणार? मी शुद्धीवर आहे का ते बघून येते? बाई लिफ्टनं उतरल्या, वळसा घातला, तीन मजले चढल्या. गुडघे बोलायला लागले. टेबलापाशी येऊन, उभ्या उभ्याच, सामायिक उघडलं. नकाशा होता. सोमवार, सव्वाअकरा.

"चिमणे, इकडे ये. हे काय आहे?"

"कुठलं?"

"हे. बोटाखालचं. मोठ्यानं वाच."

"शाळा, जिना, बीम सुधारित." चिमणी त्यांच्याकडे बघायला लागली. "बाई, तुम्हाला घाम आलाय. बसा ना."

"तुला दिसतंय ना? नक्की?"

"अहो दिसतंय म्हणजे काय, डोळे आहेत मला!"

म्हणजे दुसऱ्यालाही दिसतं. बाईंना हायसं वाटलं, आणि लगेच त्याहून जास्त गोंधळ वाटला. इकडे आहे, तिकडे नाही. मधल्या दहा मिनिटांत कोणी टाकत नाही, कोणी काढत नाही. मग मी तिकडे बघितलं ते काय होतं? त्या परत निघाल्या. चिमणी मागून ओरडत राहिली, औषध दोनदा आणायचं का म्हणून.

दुसऱ्या फेरीला मुकादमानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, तुम्हाला बरं नसेल तर राहू दे. घरी पोचवू का?"

तो खालचा आवाज बाईंच्या ओळखीचा होता. ह्याच आवाजात त्या आईशी बोलायच्या. राहू दे आई, मी शोधते. त्यांना एकदम रडू आलं आणि रडायचं नाही म्हणून त्यांनी पट्टी घट्ट धरली. नाही. असं नाही. सत्तावीस वर्षं मापं घेतली आहेत. भिंत सरळ आहे का ते डोळ्यांनी ठरवायचं नसतं, ओळंबा लावायचा असतो. मग इथंही लावू.

त्यांनी यजमानांच्या कॉम्प्युटरवर, सामायिकमध्ये, एक नवीन फोल्डर उघडलं. नाव दिलं: भोपळा.

मग उठल्या आणि पट्टीनं प्लायवर ठोकलं. ठक, ठक, ठक. सगळं ऑफिस वर बघायला लागलं.

"चिमणे!"

पलीकडे खुर्ची सरकली. मग घाबरलेला आवाज. "बाई? तुम्ही भिंतीत कशा?"

"माझ्या टेबलावर बस. सामायिक उघड. भोपळा दिसतो का?"

"काय?"

"भोपळा! भोपळा नावाचं फोल्डर!"

"नाही हो. भोपळा नाही. काहीच नाही."

"आता तू एक टाक. नाव काकडी."

खडखड झाली. "टाकली काकडी!"

बाई स्क्रीनकडे वळल्या. मुकादमही वाकला. भोपळा होता. काकडी नव्हती. त्यांनी बंद करून परत उघडलं. भोपळाच.

"कोण ठोकतंय भिंतीवर?" थोरल्यांचा आवाज पलीकडून गरजला.

"साहेब, बाई भोपळा टाकतायत," चिमणी म्हणाली, "आणि तो येत नाहीये!"

बाईंनी पट्टी स्क्रीनवरच्या भोपळ्यावर टेकवली. दोन आहेत. दोन! सामायिक एक नाहीच. त्या कॉम्प्युटरवाल्यानं एवढी काटेकोर वाटणी केली होती, की जे वाटायचं नव्हतं तेही वाटून टाकलं. सगळ्याच्या सगळ्याची हुबेहूब नक्कल करून एक इकडे लावली, एक तिकडे, म्हणजे कोणी कमी-जास्त म्हणायला नको. नाव तेच, जुने नकाशे तेच. तीन महिने बाई आपल्या विहिरीत बादली सोडत होत्या आणि यजमान त्यांच्या विहिरीत वाकून बघत होते. आणि ज्यांनी हे एका वाक्यात विचारून घ्यायचं ते दोघे भाऊ बोलत नव्हते.

"मी टाकला होता," बाई म्हणाल्या. मग मोठ्यानं म्हणाल्या, "मुकादम, मी टाकला होता! सगळे टाकले होते!"

"हो ताई, पण कागद? साडेबारा झाले. तिकडे जाऊन मापं लिहून आणता का?"

"आता जिना चढायची नाही मी. सरका."

त्यांनी जुना नकाशा उघडला आणि हात चालू केला. बीम नऊ बाय अठरा. खाली चार सळ्या, सोळा मिलीमीटरच्या. वर दोन, बाराच्या. सळ्यांभोवतीच्या रिंगा आठच्या, टोकांना चार इंचांवर, मधे सहावर. डाव्या टोकाला सळई कुठे वाकते, किती आत जाते. एकदाही थांबल्या नाहीत. मुकादमानं प्लायपलीकडच्या चिमणीला एकेक आकडा ओरडून विचारला, तिनं सोमवारच्या नकाशातून वाचून दाखवला, थोरले तिच्या मागे उभे राहून हं, बरोबर, हं म्हणत होते. एक आकडा चुकला नाही. मोठ्या प्रिंटरमधून कागद सरसरत बाहेर आला तेव्हा बाईंनी त्यावर अशी झोकात सही केली की पेनाची निब मोडायचीच राहिली. मुकादम कागद गुंडाळून पळाला. जाताना म्हणाला, "ताई, तुमचं डोकं म्हणजे डोकं आहे."

बाईंना हे ऐकायचं होतं. गेले दोन महिने फक्त एवढंच ऐकायचं होतं.

दोन वाजता यजमान आले. आपल्या खुर्चीत बायकोला बघून दारातच थबकले.

"तू इथं कशी?"

"आधी तुम्ही सांगा. काय झालंय तुम्हाला? डॉक्टरकडे कशाला गेला होतात?"

यजमानांनी इकडे तिकडे बघितलं. "घरी बोलू."

"इथंच बोला. मला सगळं कळलंय. दोन सामायिक आहेत." आणि बाईंनी भोपळा, काकडी, सगळं एका दमात सांगितलं.

यजमान ऐकत गेले. ऐकता ऐकता स्टुलावर बसले. चष्मा काढला, पुसला, परत लावायचं विसरले. "म्हणजे तू रोज टाकत होतीस?"

"रोज."

"अगं, मला वाटलं..." त्यांनी खिशातून डायरी काढली आणि बाईंच्या हातात दिली.

पहिल्या पानावर तारीख होती आणि लिहिलं होतं: खिडक्यांचा नकाशा टाकला असं म्हणाली, टाकला नव्हता. खाली दुसरी तारीख. तिसरी. नकाशामागून नकाशा. प्रत्येक ओळीपुढे बारीक अक्षरात: मी काढून ठेवला.

"हे तुम्ही काढलेत? पायऱ्यांचा, खिडक्यांचा? जेवताना मला विचारून?"

"डब्याच्या सुट्टीत काढायचो. मला तुझ्यासारखं जमत नाही."

"ते दिसलंच. अक्षरं केवढी काढलीत! पण कशाला?"

"कोणाला कळू नये म्हणून." यजमान प्लायकडे बघत होते. "आईंचं मी बघितलं होतं. म्हटलं, निदान ऑफिसात तरी तुझं नाव राहू दे. आज डॉक्टरांना आधी मी एकटा भेटून आलो. उद्या साडेचारला तुला घेऊन या म्हणाले."

बाईंना भयंकर राग आला. मला न विचारता, माझ्या मागे, मला वेडी ठरवून! आणि त्याच रागात त्यांना हेही दिसलं, की हा माणूस दोन महिने डबा न खाता, वाकड्यातिकड्या रेघा मारत, बायकोची अब्रू झाकत बसला होता. राग कुठे ठेवावा हेच कळेना. शेवटी त्यांनी पट्टीनं त्यांच्या गुडघ्यावर एक हलकीशी मारली.

"आणा इकडे. एकेक खोडते."

पर्समधून लाल पेन्सिल काढली, नकाशातल्या चुकांवर मारतात ती. एक नकाशा, रेघ. दुसरा नकाशा, रेघ. एकवीस नोंदी होत्या. अठरा नकाशांच्या. अठराही खोडल्या आणि मग बाई हसायला लागल्या. यजमानही हसले, डोळे पुसत हसले.

"आता ह्या तीन कुठल्या? 'गॅस बारीक चालू राहिला.' कधी? ह्या तारखेला? अहो, त्या दिवशी मी बहिणीकडे होते! दूध तुम्ही तापवलंत!"

"अरे हो की."

रेघ.

"'शेजारच्या काकूंना एकच गोष्ट दोनदा सांगितली.' त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. एकेका कानाला एकेकदा सांगावं लागतं."

रेघ.

पान उलटलं. शेवटची नोंद ह्याच आठवड्यातली होती, सोमवारची. भांडण झालं त्या रात्री पाठ फिरवून लिहिलेली.

'काल रविवारी संध्याकाळी आईंचा नंबर फिरवत बसली होती. लागला नाही. म्हणाली, झोपली असेल, सकाळी करते.'

बाईंनी ते परत वाचलं.

"मी असं म्हणाले?"

यजमानांनी आता कुठे चष्मा लावला.

बाई आठवायला लागल्या. रविवारी सकाळी चादरी धुतल्या. दुपारी कपाटाच्या दाराचा स्क्रू बसवला, तो उलटा फिरत होता. मग? मग सोमवार. बीम नऊ बाय अठरा, खाली चार सळ्या सोळाच्या, सगळं लख्ख. रविवारची संध्याकाळ कुठेच नव्हती. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं. नव्हती.

"थट्टेनं म्हणाले असेन."

"असशील," यजमान लगेच म्हणाले. "थट्टाच असेल. खोड ना तेही. उद्याचं मी रद्द करतो, फोन करून सांगतो त्यांना..."

बाईंनी पेन्सिल ओळीवर टेकवली. थोडा वेळ तशीच धरली. मग उचलली आणि पर्समध्ये ठेवून दिली. डायरी मिटून त्यांनी यजमानांच्या खिशात घातली, वरून एकदा हात फिरवला.

"रद्द करू नका," त्या म्हणाल्या. "उद्या चारला प्लायवर ठोका. आणि मी आले नाही, तर परत ठोका."